रविवारच्या चिंबोऱ्या

१

धनेशने माझ्या घरात, माझ्या पंगतीत बसून पोरीच्या हातावर चापट मारली. सात वर्षांची पोर ती. रश्शातून चिंबोरीचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, तिने उचललेला, तोंडापर्यंत नेलेला, आणि बापाने फाडकन हाणली. डेंगा उडून भिंतीवर आपटला. करिश्मा रडायच्या आधी माझ्याकडे बघायला लागली, कारण तिला ठाऊक आहे, कमळाबाईच्या घरी पानावर बसलेल्या माणसाला कोणी बोट लावत नाही. माझा नवरा उभ्या जन्मात ह्या जागेवर कोणाला मोठ्याने बोलला नाही, आणि हा मला रीत शिकवणार.

"काकी, तिला पुरळ उठतं," एवढंच बोलला. मग स्वतःचं ताटही पुढे सरकवलं. पित्त झालंय म्हणे. ज्याने माझ्या हातच्या चिंबोरीची कवटी आजवर चाटून काचेसारखी करून ठेवली, त्याला पित्त. आणि लगेच माझ्याकडे सुक्या जवळ्याची चटणी मागितली. बाजारातला जवळा पित्ताला चालतो, माझी चिंबोरी चालत नाही. मी चटणी वाढली, पण अशी वाढली की वाटीचा आवाज ओटीवर ऐकू जावा. त्याची बायको तर आधीपासूनच तोंड पाडून बसलेली. आदल्या दिवशी डोंबिवलीला हळद होती, तर हिला आणि पोरीला रिक्षाने पुढे धाडलं आणि साहेब मागून गाडीने आले, हे तिचं दुखणं.

धनेश माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. आईबाप लवकर गेले, माझ्याच चुलीवर वाढला. आता गळ्यात साखळी, दारात मोठी गाडी आणि आमच्या पाड्याच्या कांदळवन समितीचा अध्यक्ष. त्या समितीसाठीच मी जेवण घातलेलं.

आमचा पाडा कळव्याच्या मागच्या अंगाला, खाडीला टेकून. बांधाच्या आत आमची सामाईक खारजमीन, अर्धी माझी, अर्धी धनेशची. पूर्वी तिथे भात व्हायचा. बांधाच्या पोटात पाण्याचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी बोलतो. तिची झडप कुजून गेली, भरती आतबाहेर करायला लागली आणि भाताच्या जागी तिवरं, म्हणजे खाडीतलं कांदळवन, उभी राहिली. जमीन गेली म्हणून आम्ही हात धुतले. मग सरकारला जाग आली. दिल्लीचा आणि मुंबईचा मिळून निधी निघाला. तिवरं गाड्यांचा धूर ओढतात आणि चिखलात पुरून ठेवतात, तर ज्यांच्या जमिनीत ती आहेत त्यांनी ती जपायची, सरकार दरसाल पैसे देणार. जन्मभर जो चिखल मी पायावरून फुकट धुतला त्याला भाव आला.

हे सगळं मोजायला सलिल आलेला. नौपाड्याचा, शिकलेला, विधवा आईचा एकटा मुलगा. माझ्या माडीवर राहायचा. लांबलचक लोखंडी नळी चिखलात खुपसायचा आणि वर काढून मला थर दाखवायचा. "आजी, हा खालचा थर तुमच्या पणजीच्या वेळचा. ओला आहे तोवर सगळं धरून ठेवेल. वाळला की सोडून देईल."

पण ह्या वर्षी आमची तिवरं वाळायला लागली. सगळे बोलायचे, कीड पडली. सरकारी पथक बघायला येणार होतं, आणि जागा मेलेली दिसली की योजनेच्या नकाशातून बाद. म्हणून रविवारी दुपारी मी सगळ्यांना बसवलं. एका बाजूला माझा नातू राकेश, त्याच्या शेजारी गोपीनाथ, ज्याने सकाळीच खाडीतून चिंबोऱ्या आणून दिलेल्या. समोर साकेत, घोडबंदरच्या टॉवरमधून आलेला, योजनेचे कागद करणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याला डेंगा फोडता येईना, मी फोडून दिला. राकेशने तर मागून मागून खाल्ल्या.

सलिलचं पान रिकामं राहिलं. शनिवारी दुपारी बांधावर गेलेला, परतला नव्हता. आईकडे गेला असेल, बोलले मी, आणि त्याच्या वाटणीचा रस्सा झाकून ठेवला.

सोमवारी सकाळी उघाडीवर घारी उतरल्या.

२

त्या दिवशी अवस. अवसेच्या ओहोटीला खाडी इतकी मागे सरते की एरवी कधी न दिसणारा चिखल उघडा पडतो. गोपीनाथ त्याच्या पगोळ्या, म्हणजे चिंबोऱ्या धरायच्या जाळ्या, उचलायला गेलेला. धावत परत आला. बांधाकडे नुसता हात केला.

मी गेले. सलिल उघाडीच्या तोंडाशी होता, बाहेरच्या अंगाला, नेहमी पाण्याखाली असते त्या जागी. दोराने जखडलेला. डोक्यात मागून घाव. बाकी काय दिसलं ते मी सांगणार नाही, उद्या त्याच्या आईच्या कानावर जाईल. चिंबोऱ्या होत्या, एवढं पुरे.

आमच्याकडे खाडीत माणूस गेला की तो हाती लागेपर्यंत पाड्यातलं एकही घर खाडीची चिंबोरी शिजवत नाही. हे कोणी कोणाला सांगत नाही. आईच्या पोटातून येतानाच शिकून येतो आपण. चिंबोरी काय खाते ते आम्हाला माहीत असतं.

आणि गोपीनाथने रविवारच्या चिंबोऱ्या ह्याच उघाडीवरून आणलेल्या. मी स्वतःच्या हाताने वाटण लावलं. आग्रह करकरून वाढल्या.

मी बांधावर बसून ओकले. पलीकडे गोपीनाथ पोट धरून ओकत होता. डोकं वर केलं तेव्हा नजर उघाडीवर गेली.

कुजून गेलेल्या झडपेच्या जागी नव्या फळ्या होत्या. खाली, पाण्याच्या पातळीखाली, चिखल फासून जुन्या दिसाव्यात अशा बसवलेल्या. भरतीचं पाणी आत जातच नव्हतं. कीड कसली, तिवरं तहानेने मेलेली. सलिलच्या ते ध्यानात आलं असणार, शनिवारची ओहोटीही खोल होती.

पण मला घाम फुटला तो फळ्यांमधल्या फटी बघून. फटींत भाताचा पेंढा ठासलेला, चिखलात कालवून, बुडखा बाहेर आणि शेंडा आत. पाड्यातले बाकीचे लोक फटीत चिंध्या कोंबतात. पेंढ्याची रीत आमच्या घरची. माझा नवरा आणि दीर, दोघेच तशी फट बुजवायचे, आणि त्यांनी ती पुढे दोन पोरांनाच शिकवली. दिराने मरायच्या आधी धनेशला. माझ्या नवऱ्याने राकेशला.

मी पदराने तोंड दाबून बसले. तेवढ्यात पोलीसबाई दोराचा तुकडा उचलून विचारत होती, हा कोणाचा. हिरवा दोर, मध्ये लाल सुतळीची गाठ. पाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

राकेशच्या होडीचा.

३

राकेशला घेऊन गेले. माझ्या पोराचं पोर, बापाविना वाढवलेलं, जीपमध्ये बसताना मागे वळून मला बोललं, "आजी, मी फक्त सोडलं त्याला." मला मान हलवता आली नाही. ती मान न हलल्याचं त्याने बघितलं, आणि ते मला रात्रंदिवस टोचत राहिलं.

त्याचं सांगणं असं की शनिवारी दुपारी त्याने सलिलला होडीने बांधावर उतरवलं. सलिल बोलला, तू जा, मला न्यायला गाडी येतेय. कोणाची गाडी ते बोलला नाही. राकेश होडी किनाऱ्याला लावून क्रिकेट बघत बसला. साक्षीला कोणी नाही. आणि दोर त्याचा.

पोलीसबाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. आसावरी नाव, नौपाड्यातलीच, सलिलच्या आईच्या गल्लीतली. पुस्तकातल्यासारखं बोलते, पण चपला दाराबाहेर काढून आली आणि चहा पूर्ण प्याली, म्हणून मी तिला बसू दिलं.

तिने सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, पेंढा सोडून. फळ्यांवर तिची माणसं नुसती चिखल बघून आली होती. पेंढ्यात घराचं नाव असतं हे तिला कुठून कळणार.

"आजी, तुम्ही काहीतरी मागे ठेवता आहात," ती बोलली.

"माझं वय झालं. मागेच सगळं आहे माझं."

ती हसली नाही. बोलली, राकेश निर्दोष असेल तर मला दुसरं माणूस द्या, कारण माझे वरिष्ठ थांबणार नाहीत. पथक येतंय, वर्तमानपत्रं येतायत. गाडी कोणाकोणाकडे आहे? मी तीन नावं घेतली. साकेतकडे कंपनीची. गोपीनाथकडे मासळीचा टेम्पो. धनेशकडे घराएवढी. ती बोलली, धनेश त्या दिवशी डोंबिवलीत हळदीला होते, शंभर माणसांनी पाहिलंय, नाचतानाचे व्हिडिओ आहेत.

ती गेल्यावर मी दाराचं कुलूप आतून लावलं. दिवसाढवळ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून हे दार दिवसा कधी लावलेलं नाही. माडीवर सलिलचे बूट तसेच पडलेले, चिखल वाळून भेगाळलेला. खाली मी, एकटी, आणि डोक्यात एकच. पेंढा राकेशने ठासला असेल तर? ह्या हातांनी भरवलेल्या पोराने माणूस मारला असेल तर मी काय करायचं? गप्प राहायचं की बोलायचं?

ते मला ठरवता येईना. आणि ठरवता येत नाही ह्याचीच भीती जास्त होती.

४

मग मी माझ्या पद्धतीने माणसं बोलावली. पोलिसांना लोक घाबरून उत्तरं देतात. मला घाबरून खरी देतात.

साकेत आला तो अंगात ताप घेऊनच. ओटीवर बसायला सांगितलं तर आत बसू का विचारायला लागला, खाडी दिसते म्हणून. मी थेट विचारलं, सलिलशी भांडलास की नाही. आधी नाही बोलला. मग हो बोलला. वाळलेला पट्टाही जिवंत धरून लिहावा, म्हणजे गावाचा निधी वाचेल आणि कंपनीचं कामही, असं त्याचं म्हणणं. सलिल तयार नव्हता. तो बोलायचा, का वाळलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. शनिवारी सकाळी फोनवर वाजलं त्यांचं. शनिवारी दुपारी मी ऑफिसला होतो, साकेत बोलला, आणि रडायलाच लागला. "आजी, त्याने मला शेवटी काय सांगितलं माहीत आहे? म्हणे, झाडांचा आजार सापडला तर पहिला फोन तुला करीन."

तो फोन आलाच नाही. मी त्या पोराला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. ज्याला चिंबोरीचा डेंगा फोडता येत नाही तो पाण्याखाली फळी ठोकणार होता होय.

गोपीनाथ अवघड. योजना आल्यापासून उघाडीवर पगोळी लावायला मनाई, म्हणून त्याने सलिलवर कोयता उगारलेला, सगळ्या पाड्याने बघितलेलं. मी ते बोलून दाखवलं तर खाली मान घालून बसला. बोलला, कमळे, उगारला, खरंय. पण नंतर त्यानेच मला समजावलं, उघाडीच्या आत मासळी अंडी घालते, तू दोन वर्षं थांब, मग जाळं उचलवणार नाही. मी शनिवारी रात्री चोरून पगोळ्या लावल्या त्या शेवटच्या, तुझ्या जेवणासाठी. आणि बघ काय वर आलं. आता मला झोपायला डोळे मिटवत नाहीत. मिटले की पगोळी वर येते.

मग जाता जाता, काहीतरी बरं बोलावं म्हणून, तो बोलला, चिंबोरीची चव करिश्मालाच काय ती कळते. मागच्या आठवड्यात माझ्याकडे चिंबोऱ्या खायला बसली तर माझ्या बायकोला उठू देईना, आणखी आणखी करत होती, तोंडभर रस्सा. बाप समोर बसून हसत होता.

मी हसले. त्याला निरोप दिला. डोक्यात मात्र काहीच पेटलं नाही, कारण माझं सगळं डोकं राकेशच्या होडीत अडकलेलं. संध्याकाळी दाराची कडी वाजली नाही. कुलपात किल्ली फिरली.

माझ्या घराची दुसरी किल्ली धनेशकडे असते.

५

रोज तोच माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणतो. पुडी ठेवली, माझ्या पायाशी बसला. पोरगा लहान असताना असाच बसायचा, काही हवं असलं की.

"काकी, दार का लावलंस?"

"भीती वाटते."

"मी असताना?"

तो हळूहळू मुद्द्यावर आला. राकेशला सोडवायला मोठा वकील लागेल. मोठा वकील म्हणजे पैसा. आपली जागा तशीही आता मेली, पथक येऊन तेच लिहून जाईल, नकाशातून सुटली की मोकळी होईल. एक पार्टी तयार आहे. तू हो बोल, बाकी मी बघतो, नातू घरी आणतो तुझा. बोलताना माझा गुडघा दाबत होता, प्रेमाने.

पार्टी तयार आहे. सलिलला जाळून आठवडा नाही झाला आणि पार्टी तयार. मी विचारलं, ही पार्टी केव्हापासून तयार आहे रे? तो बोलला, विचारतात लोक अधूनमधून. आणि पुढे, आवाज जराही न चढवता, "पोलीसबाईला तू काय काय सांगितलंस, काकी?"

मी बोलले, काय सांगणार, मला काय कळतं. हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा काढला. त्याने मान डोलावली, पण उठला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग गोळी माझ्या हातावर ठेवली आणि मी पाण्यासोबत घेईपर्यंत बसून राहिला. मी गालात धरली. तो गेल्यावर थुंकली. गोळी साधीच असेल. पण मी वाढवलेल्या पोराच्या हातची गोळी मी थुंकले, आणि थुंकल्यावर कळलं की माझ्या मनाने आधीच काहीतरी ठरवलंय, मला न विचारता.

बसवेना, म्हणून फडकं घेतलं. भीती वाटली की मी घासते. भांडी घासली, ओटा घासला, आणि खाली भिंतीशी आले तिथे तो डाग होता. रश्शाचा, तेलकट, भगवा. करिश्माच्या हातातून उडालेल्या डेंग्याचा.

फडकं तिथेच थांबलं.

पुरळ उठतं बोलला. मग मागच्या आठवड्यात गोपीनाथच्या घरी पोर तोंडभर खात होती तेव्हा समोर बसून कसा हसला? पित्त झालंय बोलला, आणि जवळा मागून खाल्ला. उपास नव्हता, पित्त नव्हतं. त्याला फक्त आमच्या खाडीतली चिंबोरी नको होती. रविवारी दुपारी. खाडीत माणूस आहे हे सगळ्या पाड्याला कळलं सोमवारी.

आणि राकेश. राकेशने मागून मागून खाल्ल्या. पेंढा ठासायची रीत ज्या दोघांना येते त्यातल्या एकाने चोखून चोखून खाल्ल्या आणि दुसऱ्याने पोरीच्या तोंडातला घास मारून उडवला. आमच्या पाड्यातला माणूस, सलिल कुठे आहे हे माहीत असताना, ती चिंबोरी ओठाला लावूच शकत नाही. खून करेल. खाणार नाही.

मी भिंतीला टेकून रडले. नातू निर्दोष म्हणून आधी, आणि मग दुसऱ्यासाठी. बाहेर गाडीचा आवाज आला. धनेशची गाडी अजून गेलीच नव्हती.

६

मागच्या दाराने निघाले. चप्पल न घालता, गोपीनाथच्या कुडापर्यंत. त्याने टेम्पो काढला, काही न विचारता. वाटेत एकदाच बोलला, थरथरतेस. मी बोलले, टेम्पो थरथरतोय.

आसावरीबाईला मी पेंढ्यापासून सगळं सांगितलं. लपवलं तेही सांगितलं. ती लिहीत होती, मग लिहायची थांबली. चिंबोरीच्या गोष्टीवर तिचा हात तोंडावर गेला. तिने स्वतःला सावरलं आणि बोलली, "आजी, मला पटलं. पण ही गोष्ट कोर्टात उभी राहणार नाही. आणि ते तर हळदीला होते."

हळदीला होता, पण कधीपासून? मी तिला धनेशच्या बायकोचं रुसणं सांगितलं. दारात घराएवढी गाडी असताना बायको आणि पोर रिक्षाने गेली. हळद रात्री रंगते, नाचतानाचे व्हिडिओ रात्रीचे. दुपारी तो कुठे होता ते बायकोला विचार, मला नको. गाडी येतेय, असं सलिल बोलला ना राकेशला. समितीच्या अध्यक्षालाच त्याने बोलावलं असणार, उघाडीत नव्या फळ्या दाखवायला. ज्याने ठोकल्या त्यालाच.

आणि सलिलची लोखंडी नळी? ती मिळाली का, मी विचारलं. नव्हती मिळाली. खाडी पालथी घातलेली त्यांनी.

खाडीत नसेल. खाडी उघडी पडते, हे त्याला कळतं. लहानपणी माझं चांदीचं कडं ह्याने खेळताना मोडलं, तर कुठे लपवलं? विहिरीत. शाळेतून मिळालेला शिक्षा झाल्याचा कागद दगडाला बांधून कुठे टाकला? विहिरीत. त्याच्या बंगल्यामागे ती विहीर अजून आहे, आता जाळी टाकलीय वरून. एवढं पाणी आजूबाजूला असून पोराचा विश्वास त्या एका विहिरीवर.

आसावरी उठली. मला बोलली, तुम्ही इथेच बसा, घरी जाऊ नका. मी बोलले, माझ्या घराला मी घाबरणार नाही. खोटं बोलले. घाबरूनच गेले, पण गेले. सलिलचा रस्सा मी झाकून ठेवलेला तो तसाच होता, ते भांडं मला आधी बाहेर काढायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंगल्याकडून गलका ऐकू आला. विहिरीत गळ सोडलेला. मग धावत येणाऱ्या पायांचा आवाज, आणि कुलपात किल्ली.

७

तो आत आला आणि मागे दार ओढलं. शर्ट भिजलेला, श्वास लागलेला. मी चुलीपुढच्या पाटावर होते. पळायला जागा नव्हती. हातात काही नव्हतं माझ्या, कालथाही नाही.

"काकी, त्यांना सांग. मी तुझ्याकडे होतो शनिवारी दुपारी. सांग ना. घरचा माणूस आहे मी."

बाहेर पोलिसांचे बूट आले, ओटीवर थांबले. आसावरीचा आवाज आला, धनेश, दार उघडा. नळी मिळालीय. सलिलचा फोनही मिळालाय. नळीत अजून चिखल आहे.

तो माझ्यापुढे गुडघ्यावर बसला. मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. रागात झालं बोलला. सलिल बोलला फळ्यांचं मी पथकाला सांगणार, आणि ह्याने त्याच्याच हातातली नळी घेतली. पार्टीकडून आधीच पैसे घेऊन बसलेला, परत द्यायला काही नव्हतं. मग दोर राकेशचा, किनाऱ्याला लावलेल्या त्याच्या होडीतला, जवळ होता म्हणून. राकेशला काही झालं नसतं, मी सोडवणारच होतो, काकी, आईशपथ. आणखी दोन भरत्यांत काही उरलं नसतं, कोणाला काही कळलं नसतं.

कोण उरू देणार नव्हतं, ते त्याने बोलून दाखवलं नाही. मला विचारायची गरजही नव्हती.

माझा आवाज येईल की नाही ह्याची मलाच खात्री नव्हती. पण समोर तो भगवा डाग होता, पोरीच्या उंचीवर, आणि त्याच्याकडे बघत मी बोलले, बाहेर ऐकू जाईल असं.

"धनेश, माणूस मारलास त्याचं कोर्ट बघेल. राकेशला अडकवलंस त्याचं राकेश बघेल. मी माझं सांगते. रविवारी तू इथे बसलेलास. ताटात काय आहे ते पंगतीत तुला एकट्याला माहीत होतं. स्वतःचं ताट सरकवलंस. पोरीच्या हातावर मारलीस, ते बरोबर केलंस, बाप आहेस. मग हात धुऊन परत बसलास आणि मी राकेशला दुसऱ्यांदा वाढताना बघत राहिलास. मला खाताना बघत राहिलास. जिने तुला भरवलं तिच्या तोंडात तो घास जाताना तुला एकदाही हात उचलावासा वाटला नाही. करिश्मा उद्यापासून माझ्याकडे जेवेल, तिच्या आईलाही सांग. तुझं पान ह्या घरातून उठलं. किल्ली खाली ठेव आणि दार उघड, ती बाई उन्हात उभी आहे."